आत आहे

९ जानेवारी

ताई, नमस्कार. पायाला हात लावायचा तर ट्रकमध्ये बसून यावं लागेल, आणि लंबू ड्रायव्हरच्या शेजारी बसण्यापेक्षा लांबूनच केलेला बरा.

जस्ताचा थर द्यायला तुमच्या कारखान्यासाठी माल चढवलाय. चाळीस कठडे, दवाखान्याच्या जिन्याचे. वरचा पाइप, खालचा पाइप आणि मध्ये सात उभे. वरच्या-खालच्याची टोकं उघडी ठेवलीत, तुमचं जस्त आत-बाहेर करायला. उभ्यांची वाफ सुटायची भोकं नेहमीसारखी जोडाच्या पोटात, आतून. बाहेरून भिंग लावून पाहिलं तरी एक सापडायचं नाही. दवाखान्याच्या इंजिनिअरने नमुन्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, हे कठडे आहेत की दागिने? आता तू म्हणशील, "बारक्या, बंद पाइप साडेचारशे अंशांच्या जस्तात गेला की आतल्या ओलाव्याचं काय होतं, ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे, बाई. वाफ होते, वाट मिळाली नाही तर पाइपचा बॉम्ब होतो. अकरा वर्षं हेच ऐकतोय. म्हणून चाळीसच्या चाळीस नगांवर खडूने ठळक लिहिलंय, "आत आहे". झालं समाधान?

एकच विनंती, पंचवीस तारखेच्या आत परत हवेत. माझ्याकडचा वेल्डर दुसऱ्या शॉपवर गेला, तेव्हापासून मीच मालक, मीच कामगार आणि मीच झाडूवाला. शेवटचे पाच-सहा नग संध्याकाळी कसेबसे उरकले. कंबर म्हणते आता पुरे. तुझी वहिनी तर रोजच म्हणते.

फोन करत नाही. फोनवर तू रागावतेस आणि मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" करतो. त्यापेक्षा कागद बरा.

तुझा,
बारक्या (वजन ब्याण्णव किलो)


२४ जानेवारी

ताई,

लंबू रिकामा परत आला. म्हणतो जस्ताची कढई बंद आहे, गेटवर कुणी धड बोलत नाही. पंचवीस तारीख उद्यावर आली. इंजिनिअर दिवसातून तीनदा विचारतो आणि मी तीनदा वेगवेगळी थाप मारतो. आता थापा संपत आल्यात.

काय झालंय ते कळव. जस्त संपलं का? की पुन्हा तेजाबाच्या टाकीला गळती लागली? आणि तू बरी आहेस ना? दोन ओळी तरी लिहायच्या. सख्ख्या भावाचा माल अडवून ठेवायला तू काय जकात नाक्यावर बसतेस?

बारक्या


२८ जानेवारी

बारक्या, आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या पोचल्या. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

सतरा तारखेला दुपारी कढईवर अपघात झाला. तुझ्या लॉटमधला तिसरा कठडा अर्धा जस्तात गेला आणि फुटला. मधला उभा पाइप केळ्याच्या सालीसारखा उलगडला. जस्त छपराच्या पत्र्यापर्यंत उडालं. क्रेनवाले मामा बटणांचा डबा हातात धरून चार पावलांवर उभे होते. तोंडावर जाळी होती म्हणून डोळे वाचले. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भाजलाय, मानही भाजलीय. तू त्यांना पाहिलं आहेस. मागे आला होतास तेव्हा त्यांनी तुला कढई दाखवली होती आणि म्हणाले होते, "लांबूनच बघा पाहुणे, ही कुणाची पाहुणी नाही." त्यांना सख्खा भाचा एकही नाही आणि अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणतो.

साहेबांचं म्हणणं, मामांनी नग घाईने उतरवला. हळू उतरवला असता तर ओलावा वरच्या वर सुटला असता. वीस फेब्रुवारीला चौकशी आहे. ठपका मामांवर बसला तर सव्वीस वर्षांची नोकरी जाईल, आणि जखमी कामगार म्हणून जे पदरात पडायचं तेही जाईल.

मला कुणी काही विचारलेलं नाही. माल आत घेताना तपासायचं काम माझं, आणि वहीत माझी सही आहे. दुसऱ्या कुणाचा माल असता तर बाहेर भोक दिसल्याशिवाय मी तो घेतलाच नसता. तुझ्या मालाला आतलं भोक चालवून घेते. तारेचा आकडा पाइपात घालून चाचपता येतं, एका नगाला दहा मिनिटं लागतात. अकरा वर्षांपूर्वी तुझा पहिला लॉट आला तेव्हा प्रत्येक नगाला आकडा घातला होता. त्यानंतर तुझा खडू वाचला की सही करत आले. तो खडू आता कुठेच नाही. तेजाबात सगळा धुऊन जातो. काय लिहिलं होतं ते तुला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही.

नीट आठव आणि लिही. सगळ्यांत भोकं पाडली होतीस ना?

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

मामांचं फार वाईट वाटलं. तुझी वहिनी तर वाचता वाचता खालीच बसली.

पण तू जे विचारलंस त्याचंही वाईट वाटलं. अकरा वर्षांत माझा एक नग परत आला का? एक? भोक होतंच. मी पाडल्याशिवाय जोड मारतच नाही, ती सवय आहे माझी, जेवणाआधी हात धुण्यासारखी. तुमच्याकडे माल तेजाबातून, पाण्यातून, कुठून कुठून फिरून येतो. भोकात काही अडकलं असेल. नग नीट सुकवला नसेल. आणि राग मानू नकोस, पण मामांचंही वय झालंय. साठीला आलेल्या माणसाचं बोट बटणावर जरा जास्त दाबलं जाऊ शकतं. साहेब काय उगाच बोलतील?

तूही उगाच स्वतःला लावून घेऊ नकोस. तुझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. भाऊजी गेल्यापासून तू एकटी आहेस, या वयात नसता ताप कशाला? सही सगळेच करतात. गप्प बसावं माणसाने. बोलणाऱ्याचंच तोंड दिसतं.

उरलेल्या कठड्यांचं काय? इंजिनिअरला महिनाअखेर सांगितलंय.

बारक्या


८ फेब्रुवारी

बारक्या,

उरलेले कठडे कुठेही जात नाहीत. तुझ्या इंजिनिअरला म्हणावं धीर धर.

काल मामांकडे गेले होते. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना माझे गुडघे बोलत होते, मी त्यांना म्हटलं, गप बसा, आज तुमची पाळी नाही. मामा खिडकीशी खाटेवर बसले होते. हात पांढऱ्या कापडात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाही, डॉक्टर म्हणतात वळणारही नाही. मी विचारलं, दुखतं का? म्हणाले, "दुखण्याचं काही नाही ताई, ते आपलं काम करतंय."

मग म्हणाले, "मला वाटतं साहेबांचं बरोबर आहे. त्या दिवशी पाय फार ठणकत होते. लवकर उरकून बसावं असं मनात आलं होतं. बटण जास्तच दाबलं असेन."

मी म्हटलं, मामा, तुम्हाला तसं आठवतंय का? तर म्हणाले, "आठवत नाही. पण मग दुसरं काय असणार? नग तर तुम्ही बघितलेला होता."

मी पाणी प्यायले. मामी मला स्वयंपाकाच्या ओट्याशी घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, हे दिवसभर उजवा अंगठा उशीवर दाबत बसतात. दाबतात, सोडतात, मोजतात. किती मोजल्यावर नग किती खाली गेला असेल त्याचा हिशेब लावतात. मध्येच म्हणतात, "नाही, एवढं जोरात नव्हतं." आणि पुन्हा पहिल्यापासून.

तू लिहिलंस, बोट जास्त दाबलं गेलं असेल. मामांनी तेच स्वतःला पटवून घेतलंय. तुमचं दोघांचं अगदी जमतंय.

मी पुन्हा विचारते. एकदाच विचारते. कारखान्याचं सोड, इंजिनिअरचं सोड. मला, तुझ्या बहिणीला सांग. तू खडूने लिहिलं होतंस ते पाहून लिहिलं होतंस का?

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

तीन कागद फाडले. हा चौथा.

पाहून नव्हतं लिहिलं.

त्या संध्याकाळी शेवटचे सहा नग होते. वरचे-खालचे पाइप मांडून घेतले, खुणा केल्या, जिथे जिथे भोक पाडायचं तिथे पंच मारून टिंबं घेतली. एवढं लख्ख आठवतं. मग ड्रिल लावलं. काही नगांना लावलं. मध्येच कंबरेत अशी कळ आली की भिंतीला टेकून उभा राहिलो. वहिनीने चहा आणला, तो प्यायलो, आणि मग उभे पाइप लावून जोड मारायला घेतले. टिंबं दिसत होती. टिंब दिसलं की डोक्याला वाटतं भोक झालं. सगळे जोड मारून झाल्यावर, माल चढवायच्या वेळी, मनात आलं की सगळी पाडली होती ना? आणि आठवेना. तू म्हणतेस तसा आकडा घालून चाचपता आलं असतं. सहा नग, एक तास. ताई, मला तो एक तास उभं राहवलं नसतं. मी स्वतःशी म्हटलं, आपण कधी विसरतो का? खडू घेतला आणि सगळ्यांवर लिहून टाकलं.

खोटं लिहायचं म्हणून नाही लिहिलं. माहीत नव्हतं आणि लिहिलं. खोटं बोलणाऱ्याला निदान ठाऊक तरी असतं तो काय करतोय ते.

मागच्या पत्रात मामांबद्दल जे लिहिलं ते तू विसर. लिहिताना मलाच माझी लाज वाटत होती, पण लिहीत गेलो.

आता काय करायचं ते तू ठरव. फक्त माझं नाव घ्यावं लागेल का ते बघ. तुमच्या कारखान्याने माल बंद केला की बाकीचेही करतील. पाइपच्या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि या वयात कोण शिकवणार? मामांसाठी जे म्हणशील ते करीन. पण नाव राहू दे, जमलं तर.

बारक्या


१७ फेब्रुवारी

बारक्या,

टिंब होतं.

फुटलेला कठडा भंगारात टाकला होता. वीस जानेवारीला जेवणाच्या सुट्टीत मी हॅकसॉ घेऊन गेले. दोन पाती मोडली. मधल्या उभ्याचा वरचा जोड कापून काढला आणि पाहिलं. वरच्या पाइपला पोटात तुझं पंचचं टिंब, अगदी मधोमध, नेहमीसारखं नेटकं. भोक नाही. खालच्या जोडातही तेच. तो तुकडा फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलाय. मग उरलेल्या सदतीस नगांना आकडा घातला. तसाच आणखी एक सापडला, शेवटून दुसरा. तो बाजूला काढून ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही.

म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच मला ठाऊक होतं. दुसरं लिहिलं तेव्हाही. तू आपणहून सांगावंस असं वाटत होतं. तू लहान असताना काच फोडलीस की मी आईला सांगायच्या आधी तुला विचारायचे, आणि तू अर्धा दिवस घेऊन का होईना, कबूल व्हायचास. या वेळी तुला जरा जास्त वेळ लागला. वय झालं आपलं.

तुझी कंबर मला कळते. माझे गुडघे तसेच आहेत. मी आकडा का सोडला, तर तू भाऊ म्हणून, एवढंच खरं नाही. दहा मिनिटं वाकून उभं राहायचा कंटाळा आला म्हणूनही सोडला. आपण दोघंही दमलेले होतो, आणि भाजला तिसराच.

वीस तारखेला मी तो तुकडा टेबलावर ठेवणार आहे. मी न पाहता सही केली, हे सांगणार आहे. कुणाच्या शब्दावर केली असं विचारतील. तुझं नाव घ्यावं लागेल. न घेऊन सांगता येतं का याचा चार रात्री विचार केला, नाही येत. नाव नाही सांगितलं तर म्हणतील, ही मामांना वाचवायला रचून सांगतेय.

तू चिडशील. चीड.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

लंबू उद्या सकाळी लवकर तुझ्याकडे पोचेल, तोवर वेळ गेली नसेल म्हणून घाईने लिहितोय.

मी मन मोकळं केलं ते बहिणीपाशी. चौकशीत वाचून दाखवायला नव्हे. आणि तुला आधीपासून ठाऊक होतं तर मला का उकरत बसलीस? दोन-दोन पत्रं? मासा गळाला लागलाय हे माहीत असून दोरी सैल सोडायची, हा कुठला खेळ?

वहिनी म्हणते, ताईचं बरोबर आहे. मी तिला म्हटलं, मग जा तिकडेच राहायला. ती म्हणाली, जाईन, तू चल आधी.

तुला जे करायचं ते कर. भाऊ म्हणून तुला काहीच वाटलं नाही का, एवढंच विचारतो.

बारक्या


२३ फेब्रुवारी

बारक्या,

तुझी चिठ्ठी वेळेत मिळाली. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसून वाचली, घडी घातली आणि आत गेले.

तुकडा ठेवला. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून टिंब पाहिलं. दुसऱ्या साहेबांना दाखवलं. मग विचारलं, कुणाचा माल? मी तुझं नाव सांगितलं, आणि माझा भाऊ आहे हेही सांगितलं. तिथेच ठरलं, मामांवर ठपका नाही. त्यांना सगळं रीतसर मिळेल, बरे झाले की हलकं काम मिळेल. मला तपासणीवरून काढून गोदामात बसवलंय. तुझा माल यापुढे इथे घेणार नाहीत. चांगले निघालेले नग लंबू घेऊन येईल, आहेत तसे, जस्त न चढवता. कुठे चढवून घ्यायचं ते तू बघ, आणि जिथे देशील तिथे भोकं बाहेरून पाड.

तू विचारलंस, काहीच वाटलं नाही का. वाटलं ना. नाहीतर एकवीस जानेवारीलाच तो तुकडा टेबलावर गेला असता.

बातमी मी स्वतः मामांना द्यायची असं ठरवलं होतं. तिथूनच सरळ गेले. जिना चढताना, खोटं कशाला बोलू, हलकं वाटत होतं. वाटलं होतं ते हसतील, मामी चहा टाकतील. मामांनी सगळं ऐकून घेतलं. टिंबाचं ऐकलं, तुझं ऐकलं, सहीचं ऐकलं. मान हलवत होते. मग म्हणाले, "ताई, हे तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, वीस जानेवारीला.

त्यांनी चांगल्या हाताच्या बोटांवर मोजलं. "म्हणजे एकतीस दिवस."

मी म्हटलं, हो.

"तुम्ही इथे आलात, माझ्यासमोर बसलात. मी म्हणालो, मीच जास्त दाबलं असेन. तेव्हा ठाऊक होतं?"

मी पुन्हा हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मामी दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. मामा खिडकीबाहेर पाहू लागले. जा म्हणाले नाहीत, पण बसाही म्हणाले नाहीत. मी निघाले. बारक्या, उतरताना मी रडले, मधल्या मजल्यावर, कठडा धरून. तुझं चुकलं ते एका संध्याकाळचं. मी महिनाभर रोज सकाळी उठून ते करत होते. तुझ्या कबुलीची वाट पाहतेय असं स्वतःला सांगत होते, आणि तिकडे एक भाजलेला माणूस स्वतःला दोष देत बसला होता.

तुझं आणि माझं भांडण आपण नंतर सावकाश भांडू. त्याला आता फोनही चालेल.

रविवारी मी पुन्हा मामांकडे जाणार आहे. दार उघडलं तर आत जाईन, नाहीतर जिना उतरेन. तू ये. वहिनीलाही आण. लंबूच्या शेजारी बसून ये, रस्ताभर त्याच्या गप्पा ऐकाव्या लागतील, त्याला इलाज नाही. आलास की मामांच्या पाया पडू नकोस, माफीही लगेच मागू नकोस, तिची त्यांना घाई नाही. आधी एवढंच सांग, "मामा, तुमचा हात बरोबर होता." मी ते सांगितलं, पण माझ्या तोंडून त्यांना ते पटलेलं नाही. ज्याने तो पाइप जोडला त्याने सांगितलं तर कदाचित पटेल.

ताई